पंधरा पेन्सची विक्री आणि एक दगडी हौद

मी स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्यात नोकरीला लागलो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. नगरपालिका, पंचायत समित्या, जिल्हा परिषदा यांचे हिशेब तपासणं हे आमचं काम. लोकांना वाटतं, हिशेब तपासनीस म्हणजे नुसती आकडेमोड. पण जुन्या नोंदवह्या चाळता चाळता गावाचा इतिहासच डोळ्यांखालून जातो. पहिला दिवा कुठल्या चौकात लागला, सार्वजनिक विहिरीला कठडा कधी बांधला, कोंडवाड्यातली किती गुरं दंड भरून सुटली, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. अशाच एका नोंदीनं माझी पुढे अनेक वर्षं पाठ सोडली नाही. आज आपल्याशी बोलायचं आहे ते तिच्या निमित्तानं.

विषय तसा रुक्ष वाटेल. नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला नको झालेली वस्तू किंवा जागा विकायची कशी, त्याचे नियम काय आणि ते आले कुठून? पण हा प्रश्न आपल्या दारातला आहे. आपण ज्या बागेत फिरायला जातो, ज्या शाळेच्या पटांगणावर मुलं खेळतात, जिथं शेवटी आपल्याला चौघे खांद्यावरून नेतात, त्या सगळ्या जागांचा हा प्रश्न आहे.

आधी ती नोंद सांगतो. साल १९७७-७८ असावं. एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या तपासणीला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तसं गाव कुठलंही असू शकतं. मालमत्तेच्या नोंदवहीत एक ओळ होती : 'बाजारतळावरील दगडी हौद, निरुपयोगी, काढून टाकणे.' मागचे कागद मागवले. ठराव झालेला. जाहीर लिलावाची नोटीस लागलेली, दवंडी पिटल्याची पावती जोडलेली. बोली बोलणारे तिघे. सर्वांत वरची बोली मंजूर, पाव रक्कम जागेवर, बाकीची घडीव दगड उचलण्याआधी. पावती क्रमांकासह सगळं जागच्या जागी. हौदाची मोकळी झालेली जागा मग तीन वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली आणि तिथं पत्र्याचे चार गाळे उभे राहिलेले. नियमाप्रमाणे पक्कं बांधकाम नाही. मी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. दुपारच्या वेळी चहा प्यायला बाहेर पडलो, तर एक म्हातारे शेतकरी बैलजोडी घेऊन त्या गाळ्यांपुढे उभे. बैलांच्या तोंडाला फेस आलेला. मला कचेरीतून येताना पाहून म्हणाले, "साहेब, हितं हौद व्हता."

मी समजावलं, "बाबा, हौद बंद पडला होता, म्हणून विकला. रीतसर लिलाव झाला."

"झाला आसंल. पर बंद पडला म्हंजी काय, नळ तुटला व्हता. हौद चांगला व्हता." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "निरुपयोगी म्हणून लिवलं म्हनता. कुणाला निरुपयोगी, साहेब?"

मी परत जाऊन आवक बारनिशी काढली. नळ दुरुस्त करून द्यावा असा बाजारकऱ्यांचा अर्ज दोन वर्षं पडून होता. दुरुस्तीचा खर्च अगदीच किरकोळ. पण मी आक्षेप काय घेणार? भाव बरोबर होता, लिलाव जाहीर होता, भाडेपट्टा मुदतीत होता. माझ्याजवळच्या कुठल्याच नियमात त्या म्हाताऱ्या बाबांचा प्रश्न बसत नव्हता. माझ्या अहवालात त्या हौदाबद्दल एक ओळही आली नाही.

तेव्हापासून मी या नियमांची कुळकथा शोधत आलो आहे. ती आपल्याला थेट इंग्लंडात घेऊन जाते, कारण आपल्या नगरपालिकांचे कायदे ज्या साच्यात ओतले गेले तो साचा तिथला.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नगरसंस्था म्हणजे पुष्कळ ठिकाणी मूठभर कुटुंबांची मिरासदारी होती. अनेक गावांत जुने सदस्यच नवे सदस्य निवडत. गावाच्या मालकीच्या जमिनी आणि घरं होती, पण ती आपल्याच गोतावळ्यात लांब मुदतीच्या आणि हलक्या भाड्यानं दिली जात. या कारभाराची चौकशी करायला १८३३ साली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल आल्यावर ५ जून १८३५ रोजी लॉर्ड जॉन रसेल यांनी पार्लमेंटात सुधारणेचं विधेयक मांडलं. आता धोका असा की, आपली सद्दी संपणार हे कळल्यावर जुनी मंडळी जाता जाता गावची मालमत्ता विकून मोकळी होतील. त्यामुळे कायद्यात एक कलम घातलं गेलं : त्या ५ जूननंतर संगनमतानं झालेले विक्रीचे आणि भाडेपट्ट्याचे व्यवहार रद्द ठरवता येतील. सरकारचा आपल्याच नगरसंस्थांवर किती विश्वास होता, हे या एका तारखेवरून कळतं.

त्याच कायद्यात पुढचा नियम आला. नव्या, निवडून आलेल्या नगरसंस्थेनंही जमीन विकायची, गहाण टाकायची किंवा ३१ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानं द्यायची झाल्यास सरकारी तिजोरीच्या प्रमुखांची, म्हणजे ट्रेझरीची, मंजुरी घ्यावी लागेल. निवडून आलो म्हणून मालक झालो असं नाही, हा त्यातला अर्थ. आपल्याकडे हा विचार नवा नव्हता. देवस्थानच्या इनामाची जमीन पुजारी कसतो, तिचं उत्पन्न खातो, पण ती त्याला विकता येत नाही, हे आपल्या खेड्यातल्या माणसाला ठाऊक असतं. नगरपालिकेचं सभागृह म्हणजे त्या अर्थानं पुजारी. देव म्हणजे गाव. आजचं गाव तर खरंच, पण अजून जन्माला न आलेलंही.

आता आपण मुंबईत येऊ. टाउन हॉलसमोर पूर्वी एक मोठं मोकळं मैदान होतं. त्याला बॉम्बे ग्रीन किंवा कॉटन ग्रीन म्हणत, कारण तिथं कापसाच्या गाठींचे ढीग रचलेले असत. कापसाचा व्यापार १८४४ साली कुलाब्याकडे हलला आणि मैदानाला अवकळा आली. नुसती धूळ आणि कचरा. म्हणजे आजच्या भाषेत ते 'निरुपयोगी' झालं. पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट यांनी इथं गोलाकार इमारतींचा चौक करावा अशी कल्पना मांडली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतर सर बार्टल फ्रिअर यांनी ती उचलून धरली. नगरपालिकेनं ती जागा घेतली, भूखंड पाडले आणि व्यापारी पेढ्यांना चांगला नफा घेऊन विकले.

इथपर्यंत ही साधी जमीनविक्री वाटते. पण दोन गोष्टी त्यात होत्या. इमारतींचे दर्शनी भाग एकसारखे हवेत आणि खालून लोकांना चालायला कमानींचा सावलीतला मार्ग हवा. आणि मधला गोल कुणाला विकला नाही. तिथं १८७२ सालापर्यंत बाग तयार झाली. आज आपण त्याला हॉर्निमन सर्कल म्हणतो. दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी जून महिन्यातल्या पावसात त्या कमानींखाली उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून मी सार्वजनिक जागा विकण्याच्याच विरुद्ध आहे असा कुणी समज करून घेऊ नये. विकूनही गावाकडे काहीतरी कायमचं राहू शकतं. मात्र काय राहायला हवं, हे विकण्याआधी ठरवावं लागतं.

पुढे १८६५ सालापासून मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या एकाच कमिशनरच्या हाती एकवटला. माणूस धडाडीचा, क्रॉफर्ड मार्केट हे त्याचंच स्मारक. पण खर्च हाताबाहेर गेला आणि करदात्यांनी ओरड केली. त्यातून १८७२ चा कायदा आणि लोकांनी निवडलेले सदस्य आले, आणि त्यानंतर १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा आला. तो घडवण्यात फिरोजशहा मेहतांचा वाटा मोठा होता. या कायद्याचं ९२ वं कलम मालमत्तेच्या विक्रीचं आहे आणि त्याची रचना जिन्यासारखी आहे. किरकोळ जंगम वस्तू आणि थोड्या मुदतीचा भाडेपट्टा, तर कमिशनर आपल्या अधिकारात. त्याहून मोठं काही, तर स्थायी समितीची मंजुरी. आणि जमीन-इमारत कायमची विकायची, तर संपूर्ण महापालिकेची मंजुरी. जितकं परत न येणारं, तितक्या जास्त लोकांनी हात वर करायचा.

पुण्यासारख्या शहरांसाठी १९४९ साली जो कायदा झाला, आणि जो आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याच्या ७९ व्या कलमात आणखी एक पायरी आली : स्थावर मालमत्तेचा मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. नगरपालिकांचा १९६५ चा कायदा याहून कडक. योगायोग असा की त्यातही हे कलम ९२ वंच आहे. स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायची तर राज्य सरकारची मंजुरी हवी, आणि तिच्यासोबत एकूण सदस्यांच्या किमान दोन तृतीयांश बहुमताचा ठराव हवा. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मात्र नगरपालिका स्वतः देऊ शकते. त्यावर पक्कं बांधकाम चालत नाही. माझ्या हौदाची जागा याच फटीतून गेली होती. आधी दगड विकले, मग जागा भाड्यानं दिली. कायद्याला कुठंही धक्का नाही.

हे सगळे नियम दोन गोष्टी विचारतात : भाव बरोबर आहे का आणि सही करणाऱ्याला अधिकार आहे का? दोन्ही प्रश्न महत्त्वाचे. पण ते दुसरे आणि तिसरे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न तो, जो मला त्या म्हाताऱ्या बाबांनी विचारला. तो विचारला नाही तर काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण ज्या देशानं हे नियम घडवले त्याच देशात, खुद्द त्याच्या राजधानीत घडलं.

लंडनमधलं वेस्टमिन्स्टर म्हणजे पार्लमेंट आणि राजवाडा असलेला भाग. त्याची स्वतंत्र महापालिका आहे. तिच्या ताब्यात तीन जुन्या दफनभूमी होत्या : हॅनवेल, ईस्ट फिंचली आणि मिल हिल. तिन्ही तिच्या हद्दीबाहेर. शहर दाट झालं तेव्हा मृतांसाठी जागा बाहेर घ्यावी लागली होती. त्यांच्या देखभालीचा खर्च वर्षाकाठी काही लाख पौंड. १९८० च्या दशकात महापालिकेची सूत्रं डेम शर्ली पोर्टर यांच्याकडे होती. टेस्को या मोठ्या दुकानमालिकेच्या संस्थापकाची ही कन्या. काटकसर आणि खासगीकरण यांचा तो काळ. हिशेबाच्या वहीत या दफनभूमी म्हणजे नुसता खर्च, उत्पन्न जवळजवळ नाही. जानेवारी १९८७ मध्ये महापालिकेनं त्या विकल्या. प्रत्येकी पाच पेन्सला. तिन्ही मिळून पंधरा पेन्स.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पण ती चूक नव्हती. त्या व्यवहारात दफनभूमींबरोबर तिथली राहती घरं गेली, दहनगृह गेलं आणि शेजारची बारा एकरांहून अधिक मोकळी, बांधकामायोग्य जमीनही गेली. इंग्लंडमध्ये १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याचं १२३ वं कलम आहे. त्यानुसार जमीन विकताना वाजवीपणे मिळू शकेल तो सर्वोत्तम मोबदला घेतलाच पाहिजे. मग पाच पेन्स कसे? विकणाऱ्यांचा हिशेब असा की, देखभालीची कायमची जबाबदारी विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडते आहे. ओझं वजा केलं तर किंमत उरतेच कुठं? वरवर पाहता हे तर्काला धरून आहे. पण विकत घेणाऱ्यानं ओझं आणि जमीन यांची अलगद फारकत केली. मालमत्ता जवळजवळ लगेच दहा लाख पौंडांहून अधिक किमतीला पुढे विकली गेली. किंमत होती ती जमिनीला. ओझं होतं ते मेलेल्यांचं, आणि ते उचलायला कुणीच पुढे आलं नाही.

काही महिन्यांत गवत माजलं. थडग्यांची निगा थांबली. लोक फुलं घेऊन येत आणि आपल्या आईचं, नवऱ्याचं, लहानपणी गेलेल्या मुलाचं थडगं झुडपांत शोधत. आपल्याकडे सर्वपित्रीला नदीवर जावं आणि घाटच कुणाच्या तरी कुंपणाआड गेलेला दिसावा, तसं. या नातेवाइकांनी तक्रारींचा धोशा लावला, वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि अखेर १९९२ च्या सुमारास महापालिकेला त्या दफनभूमी परत घ्याव्या लागल्या. शेजारची मोकळी जमीन मात्र परत आली नाही.

मी हिशेबतपासनीस म्हणून या प्रकरणाकडे पाहतो तेव्हा मला एक गोष्ट टोचते. त्यांच्या वहीत खर्चाचा रकाना होता आणि उत्पन्नाचा होता. पण आईच्या थडग्यावर फूल ठेवता येण्याचा रकाना नव्हता. तो आमच्याही वहीत नसतो. हौदावर पाणी पिणाऱ्या बैलाचा रकाना कुठं होता? ज्याचा रकाना नाही त्याची किंमत शून्य धरली जाते. मग पाच पेन्ससुद्धा फायद्याचे वाटू लागतात.

त्याच महापालिकेची दुसरी गोष्ट तर याहून गंभीर. तिथं भाव हा मुद्दाच नव्हता. १९८० च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या भाडेकरूंना महापालिकेचं राहतं घर सवलतीनं विकत घेण्याचा हक्क दिला होता. घरं विकणं म्हणजे काही गुन्हा नव्हे. पण मे १९८६ च्या निवडणुकीत पोर्टरबाईंचा पक्ष थोडक्यात बचावला. त्यानंतर धोरण ठरलं की, भाडेकरू सोडून गेले की काही ठरावीक घरं पुन्हा भाड्यानं द्यायची नाहीत, ती विकायची. वर्षाला ५००, आणि त्यातली निम्मी, २५०, अशा आठ प्रभागांत की जिथं निकाल इकडेतिकडे होण्याजोगा होता. घर विकत घेणारा माणूस आपल्या पक्षाला मत देईल हा होरा. नुसत्या त्याच प्रभागांत घरं विकली तर ते बेकायदा ठरेल असा सल्ला मिळाल्यावर योजना साऱ्या शहरभर पसरवण्यात आली, हेतू तोच ठेवून. इकडे घरांच्या प्रतीक्षायादीवरची कुटुंबं ताटकळत होती.

१९९० च्या निवडणुकीत तो पक्ष मोठ्या बहुमतानं जिंकला. पण त्याआधीच, १९८९ साली, काही स्थानिक मंडळींनी हिशेबावर हरकत घेतली होती. तिथं सामान्य मतदाराला नगरसंस्थेचे हिशेब पाहण्याचा आणि लेखापरीक्षकापुढे हरकत नोंदवण्याचा अधिकार आहे. लेखापरीक्षक होते जॉन मॅगिल. या माणसानं जवळजवळ सात वर्षं कागद वाचले, माणसं तपासली. मे १९९६ मध्ये अंतिम अहवाल दिला आणि सहा जणांवर मिळून ३ कोटी १६ लाख पौंडांची जबाबदारी ठेवली. याला आमच्या खात्याच्या भाषेत अधिभार म्हणतात. आमच्या १९३० च्या कायद्यातही ही तरतूद आहे : ज्याच्या बेकायदा कृतीनं संस्थेचं नुकसान झालं, त्याच्या खिशातून ते भरून घ्यायचं.

प्रकरण कोर्टात गेलं. पहिल्या कोर्टानं पोर्टर आणि त्यांचे उपनेते डेव्हिड वीक्स या दोघांना जबाबदार धरलं; १९९९ साली वरच्या कोर्टात दोघे सुटले; आणि डिसेंबर २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं एकमतानं लेखापरीक्षकाच्या बाजूनं कौल दिला. लॉर्ड बिंगहॅम यांच्या निकालाचं सार असं : महापालिकेला अधिकार दिले जातात ते लोकहितासाठी, ते पक्षाच्या निवडणुकीच्या फायद्यासाठी वापरले, तर कागद कितीही बरोबर असोत, ती सत्तेची अफरातफर आहे. दोघांवरची रक्कम सुमारे २ कोटी ६५ लाख पौंड होती. अखेर २००४ साली १ कोटी २३ लाख पौंडांवर तडजोड झाली. गंमत अशी की, मधल्या काळात, २००० साली, ब्रिटिश पार्लमेंटनं कायद्यातून ही अधिभाराची तरतूदच काढून टाकली. तपासणीचं शस्त्र एकदा नेम साधतं आणि लगेच म्यान होतं. हे मी माझ्या नोकरीतही पाहिलं आहे.

एखाद्याला वाटेल, हे सगळं साहेबाच्या देशातलं, आपल्याला त्याचं काय? म्हणून आपल्याकडची दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं लखनौचं. अमीनाबाद या गजबजलेल्या भागात झंडेवाला पार्क आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांमुळे नावाजलेली ही बाग. १९९३ साली तिथल्या नगर महापालिकेनं निविदा न मागवताच एका बांधकाम कंपनीशी करार केला की, बागेच्या पोटात भुयारी बाजार बांधायचा. वर बाग राहणारच आहे, खाली दुकानं झाली तर बिघडलं काय, असा त्याचा युक्तिवाद. कारण वाहनांच्या आणि गर्दीच्या प्रश्नाचं दिलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै १९९९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की, बाग ही महापालिकेकडे विश्वस्त म्हणून आहे, ती अशी देऊन टाकता येत नाही. बांधकाम काढा आणि बाग पूर्ववत करा. कोट्यवधी रुपये खर्चून झालेलं बांधकाम होतं. इतका खर्च झाला आहे म्हणून राहू द्या, ही विनवणी न्यायालयानं मानली नाही.

दुसरं उदाहरण खेड्यातलं आहे, म्हणून मला अधिक जवळचं. पंजाबात पतियाळा जिल्ह्यात रोहर जागीर नावाचं गाव आहे. गावच्या तळ्याच्या जागेवर काही लोकांनी भराव टाकून घरं बांधली. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानं व्यवहारी तोडगा काढला : आता घरं झालीच आहेत, तर जागेची सरकारी दरानं किंमत भरून घ्या आणि अतिक्रमण नियमित करा. भाव बाजाराला धरून, पैसे ग्रामपंचायतीच्या तिजोरीत. माझ्यासारख्या तपासनिसानं यावर बरोबरची खूण केली असती. पण २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द ठरवला. गावाची सामायिक जमीन, तळं, गुरचरण ही पैसे घेऊनसुद्धा खासगी करता येणार नाही, असं सांगून न्यायालयानं साऱ्या राज्यांना अशी अतिक्रमणं काढण्याची योजना आखायला लावली. आपल्याकडचा गायरानांचा प्रश्न वारंवार चर्चेत येतो, त्यामागे हा निकाल आहे.

या निकालाला दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. आपल्या गायरानांवर अनेक ठिकाणी राहतात ते भूमिहीन, भटके, गावानं कधी घरासाठी जागाच न दिलेले लोक. त्यांच्यासाठी गाव म्हणजे काय आणि सामायिक म्हणजे काय, हा प्रश्न वेगळाच असतो. म्हणून त्या निकालानंही भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना रीतसर दिलेली जागा किंवा शाळा-दवाखान्यासारखं सार्वजनिक काम यांना अपवाद ठेवला. म्हणजे फिरून गोष्ट तिथंच येते. ही जागा कुणाला लागते, हे आधी पाहायचं, किंमत मागाहून.

लखनौची बाग आणि रोहर जागीरचं तळं यांच्यात एक साम्य आहे. दोन्हीकडे न्यायालयानं नुसतं भाव कमी का, असं विचारलं नाही. ही वस्तू मुळात विकायची होती का, हे विचारलं. पण प्रत्येक हौदासाठी कुणी दिल्लीला जाऊ शकत नाही. तो प्रश्न गावातच, ठराव होण्याआधी विचारला जायला हवा. इंग्लंडमध्ये मोकळी जागा विकण्यापूर्वी स्थानिक वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे जाहिरात देऊन हरकतींचा विचार करावा लागतो. २०११ सालच्या एका कायद्यानं तिथल्या लोकांना आणखी एक सोय दिली : गावातलं वाचनालय, सभागृह, एवढंच काय, शेवटचं उरलेलं किराणा दुकानसुद्धा 'समाजाच्या उपयोगाची मालमत्ता' म्हणून यादीत नोंदवून घ्यायचं. मग मालकानं ते विकायला काढलं, तर गावकऱ्यांना वर्गणी जमवायला सहा महिन्यांपर्यंत सवड मिळते. विकणारा त्यांनाच विकेल असं नाही. पण निदान कुणाला निरुपयोगी, हे विचारायला वेळ मिळतो.

आपल्याकडे ग्रामसभा आहे, हरकती मागवणाऱ्या नोटिसा आहेत. अडचण एवढीच की, त्या नोटिसा आपण वाचत नाही. कचेरीच्या फळ्यावर किंवा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात त्या छापलेल्या असतात. त्यांत भूमापन क्रमांक असतो, क्षेत्रफळ असतं, पण 'ही ती जागा, जिथं तुमची मुलं खेळतात' असं कुठं लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच ओळखावं लागतं.

निवृत्त होण्याच्या वर्षी मी पुन्हा त्या तालुक्याच्या गावी गेलो होतो. पत्र्याचे गाळे जाऊन तिथं पक्के झाले होते. तीन वर्षांचा पट्टा कितीदा पुढे गेला ते मी शोधायला बसलो नाही. बैलगाड्या आता फारशा येत नाहीत, तेव्हा हौद खरोखरच निरुपयोगी झाला असता, असंही कुणी म्हणेल. पण त्या दिवशी बाजाराला आलेल्या बायका डोक्यावरची पाटी खाली ठेवून गाळेवाल्याकडून पाण्याची बाटली विकत घेत होत्या. त्यातल्या एकीनं लहान मुलाला दोन घोट पाजले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली कमरेला खोचली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. माझ्या पेन्सिलीची ती बरोबरची खूण मला आठवली. ती आता खोडता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)